साडेबारा हजार किलोमीटर, पण तास किती?

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर किती, असं मोबाइलवर विचारलं की उत्तर येतं १२,५४० किलोमीटरच्या आसपास. त्याखालीच 'उड्डाणाचा वेळ' म्हणून साधारण साडेचौदा तास. तिकीट हातात पडतं तेव्हा त्यावर निघायची वेळ रात्री दीडची आणि पोहोचायची सकाळी सातची, तीही त्याच तारखेची. म्हणजे झाले साडेपाच तास. आणि जाऊन आलेले शेजारी सांगतात, सोळा तास बसून कंबरेचा काटा ढिला झाला. ठाण्याच्या नौपाड्यात विमानाच्या तिकिटांच्या धंद्यात बसल्यामुळे हा गोंधळ मला रोजचाच आहे. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या काकू समोर बसून अगदी सरळ विचारतात, "अहो, मोबाइल साडेचौदा म्हणतोय, मग तुम्ही आम्हाला सोळा तासांचं विमान का देताय?"

काकूंचा संशय समजण्यासारखा आहे, पण यातला एकही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा वेगळ्याच गोष्टीचा आहे.

साडेपाच तासांचं कोडं सगळ्यात सोपं, ते आधी उरकून टाकू. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या विमानतळाच्या घड्याळातली असते. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. तिथे सकाळचे सात वाजतात तेव्हा ठाण्यात संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. रात्री दीड ते संध्याकाळी साडेपाच, झाले सोळा. येतानाचा हिशोब उलटा: तिथून सकाळी साडेअकराला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला उतरलात, तर घड्याळ पंचवीस तास दाखवेल. त्यातून साडेदहा वजा करा, साडेचौदा उरतात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. आपण त्या भानगडीत पडत नाही, म्हणून उन्हाळ्यात हा फरक साडेनऊ तासांचा होतो. कोणाला इन्सुलिन किंवा वेळेवर घ्यायची गोळी असेल तर डॉक्टरांना सोळा तासांचा प्रवास सांगायचा, तिकिटावर दिसतो तो साडेपाचाचा नाही. संकष्टीच्या दिवशी विमानात असाल तर चंद्रोदय कुठला धरायचा, हेही मला विचारून झालेलं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, ते गुरुजींकडे.

आता अंतर. मुंबईचा विमानतळ साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३ अंश पूर्व रेखांशावर. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ सुमारे ४०.६ अंश उत्तर आणि ७४ अंश पश्चिम. म्हणजे लंडनच्या ग्रिनिचपासून आपण पूर्वेला जेवढे, जवळपास तेवढंच न्यूयॉर्क पश्चिमेला. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर या दोन ठिकाणांमध्ये पट्टी ठेवून रेघ मारली तर ती ओमान, सौदी, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्कोवरून अटलांटिकमध्ये शिरते. होकायंत्राची एकच दिशा धरून या रेघेवरून खरोखर उडत गेलं तर सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील.

पण नकाशा सपाट आणि पृथ्वी गोल. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर आणि दुसरं न्यूयॉर्कवर धरून ताणा. दोरा आपोआप वर सरकतो. आखाती देश पार बाजूला राहतात आणि दोरा मुंबईहून चक्क उत्तर-वायव्येला निघतो. सिंध, कंदाहारचा परिसर, कझाकस्तानचं पश्चिम टोक, रशियात सेंट पीटर्सबर्गच्या आसपास, पुढे स्कँडिनेव्हिया, जवळपास ६५ अंश अक्षांशापर्यंत चढून मग आइसलंडवरून कॅनडाच्या किनाऱ्याने खाली न्यूयॉर्कला. हे १२,५४० किलोमीटर. म्हणजे नकाशावर वळसा घालून गेल्यासारखी दिसणारी ही वाट 'सरळ' रेघेपेक्षा साडेसोळाशे किलोमीटरने जवळची आहे. मुंबई ते दिल्ली हवाई अंतर ११४० किलोमीटर, यावरून ही बचत केवढी ते लक्षात येईल. भूगोलाच्या पुस्तकात यालाच बृहद्वृत्त म्हणतात: पृथ्वीच्या बरोबर मध्यातून सुरी फिरवली तर पृष्ठभागावर जी कड उमटेल ती.

मोबाइलवरच्या साइट एवढंच करतात. दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन सूत्रात घालतात. कोणी पृथ्वीला ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा अचूक गोळा धरतं, कोणी ती ध्रुवांवर किंचित चपटी आहे हे हिशोबात घेतं. विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा २१ किलोमीटर जास्त आहे, त्यामुळे दोन साइटच्या उत्तरांत दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे होतात. त्यावर वाद घालू नये. कुठे ६,७७१ असा आकडा दिसला तर ते नॉटिकल मैल, एक म्हणजे १.८५२ किलोमीटर. मग किलोमीटरला ताशी नऊशेने भागायचं, चढ-उतारासाठी अर्धा तास मिळवायचा, की झाला 'उड्डाणाचा वेळ'. साडेचौदा तास येतात ते असे. त्यात वारा नाही, देशांच्या सीमा नाहीत, धावपट्टीसमोरची रांग नाही.

सीमांचं पाहा. तो सुरेख दोरा मुंबईतून निघाल्या निघाल्या पाकिस्तानवर जातो, पुढे अफगाणिस्तान, पुढे रशिया. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. त्याआधी २०१९ मध्ये बालाकोटनंतर फेब्रुवारीपासून जुलैच्या मध्यापर्यंत ती बंद होती. याचा मोठा फटका दिल्लीला, कारण दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला आधी खाली गुजरातकडे येऊन मग समुद्र धरावा लागतो. मुंबईला समुद्र दारातच, म्हणून आपला वळसा तुलनेने लहान. तिकडे युरोपात २०२२ पासून रशियाचं आकाश तिथल्या कंपन्यांना बंद आहे. फिनलंडच्या फिनएअरचं हेलसिंकी-टोकियो विमान पूर्वी नऊ-साडेनऊ तासांत जायचं, आता तेरा तासांच्या आसपास लागतात. दोन्ही विमानतळ जागेवरच आहेत, अंतर एक किलोमीटरनेही बदललेलं नाही.

मोकळ्या आकाशातही विमान वाटेल तिथून जात नाही. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडलं तरी ठरावीक मिनिटांत उतरता येईल असा विमानतळ वाटेत कायम आवाक्यात ठेवावा लागतो. कागदावरचा हा नियम कधी उपयोगी पडतो? ६ जून २०२३ ला एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मगादान नावाच्या गावी उतरवावं लागलं. प्रवाशांतल्या किती जणांनी ते नाव आधी ऐकलं असेल कोण जाणे, पण मार्ग आखणाऱ्यांच्या यादीत ते होतं. तिबेटचं पठार टाळतात तेही अशाच कारणाने. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झटकन दहा हजार फुटांवर यावं लागतं, आणि तिथली जमीनच त्याहून उंच.

आता माझ्या आवडीचा विषय, वारा.

एका निवृत्त आजोबांचा प्रश्न फार चांगला होता. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर विमान नुसतं वर जाऊन थांबलं तरी न्यूयॉर्क आपणहून खाली यायला हवं. मग पश्चिमेला जाताना वेळ कमी लागायच्या ऐवजी जास्त का? तर धावत्या लोकलमध्ये जागच्या जागी उडी मारली म्हणून कोणी मागच्या डब्यात जाऊन पडत नाही. मुंब्रा येवो की कळवा, तुम्ही होता तिथेच उतरता, कारण उडी मारण्याआधीच तुमच्या अंगात गाडीचा वेग असतो. विमानात तो वेग असतोच, वर ज्या हवेत ते उडतं ती हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते. त्यामुळे पृथ्वीच्या फिरण्याचा फुकट फायदा नाही.

मात्र ही हवा पृथ्वीबरोबर अगदी तंतोतंत फिरत नाही. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटरवर, म्हणजे विमानं उडतात नेमक्या त्याच उंचीवर, मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात. यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी शंभर-दीडशे किलोमीटर ही त्यांची साधी चाल, जोर धरला तर त्याच्या दुप्पट. हिवाळ्यात ते तगडे होतात आणि त्यांचा एक पट्टा उत्तर भारतावरही येतो, म्हणून त्या दिवसांत मुंबईहून कोलकात्याला जाताना लागतात त्यापेक्षा परत येताना पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात. हे वारे सर्वांत आधी पद्धतशीर मोजणाऱ्यांत जपानचे वासाबुरो ओइशी होते. १९२०च्या दशकात फुगे सोडून त्यांनी नोंदी केल्या, आणि साऱ्या जगाला कळावं म्हणून अहवाल लिहिला एस्पेरांतो या साऱ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत. जगाने अर्थातच तो वाचला नाही.

वारा जाताना आडवा आला तरी येताना पाठीशी असतो, म्हणजे फिट्टंफाट, असं वाटतं ना? हिशोब करून बघा. अंतर ९,००० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ९००. वारा नसेल तर जाताना दहा तास, येताना दहा, एकूण वीस. आता ताशी १०० चा वारा घ्या. पाठीशी असताना वेग १,०००, म्हणजे नऊ तास. समोरून असताना वेग ८००, म्हणजे सव्वाअकरा तास. एकूण सव्वावीस. वाऱ्याने एका बाजूला तास दिला आणि दुसऱ्या बाजूने सव्वा तास काढून घेतला, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून पडतं. येण्याजाण्याच्या प्रवासात वारा शेवटी आपल्याकडूनच घेतो.

म्हणूनच कधीकधी लांबची वाट आधी पोचवते. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. जुनी पश्चिमेची वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची, नवी पूर्वेची १५,३०० ची. चौदाशे किलोमीटर जास्त उडूनही विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर. जुन्या वाटेवर वारा तोंडावर यायचा, नव्या वाटेवर तो पाठीला होता. भागाकार केला तर जमिनीच्या हिशोबाने सरासरी वेग ताशी हजाराच्या वर पडतो. मला विचाराल तर शाळेत वेग-वेळ-अंतराच्या गणितासाठी याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही, ते हौद भरणारे आणि गळणारे नळ पुरे झाले.

याचं दुसरं टोक फेब्रुवारी २०२० मध्ये दिसलं. अटलांटिकवर कियारा वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत आलं. एरवी तिथे सहा-साडेसहा तास लागतात. वाटेत जमिनीवरून मोजलेला वेग ताशी तेराशे किलोमीटरपर्यंत गेला. तरी ते ध्वनीच्या वेगाच्या पुढे गेलं नव्हतं, कारण तो वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत मोजतात, आणि हवा स्वतःच पळत होती. विमानाचं इंजिन नेहमीइतकंच काम करत होतं.

विमानांचा स्वतःचा वेग तर गेल्या साठ वर्षांत वाढलेलाच नाही. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे पंख्याचं विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला गेलं. १९६० मध्ये बोइंग ७०७ हे जेट आलं आणि वेग ताशी नऊशेच्या घरात पोहोचला. आजचं बोइंग ७८७ ही साधारण त्याच वेगाने उडतं. फरक एवढाच की आता मध्ये इंधनासाठी उतरावं लागत नाही आणि इंधन कमी जळतं. वेग थोडा वाढवला तर इंधन खूप जास्त लागतं, आणि ते इंधन वाहून न्यायला आणखी इंधन, त्यामुळे कंपन्या त्या वाटेला जात नाहीत.

राहिली जमीन, आणि जवळच्या प्रवासात तीच सगळ्यात जास्त वेळ खाते. मुंबई-दिल्ली ११४० किलोमीटर, नुसत्या भागाकाराने सव्वा-दीड तास. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास. तिकिटावरचा वेळ चाकांचे अडसर काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे सरकत जाणं, रांगेत थांबणं, उतरताना घिरट्या घालणं हे सगळं त्यात आलं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी प्रत्यक्षात एकच चालते. वारा बहुतेक समुद्रावरून येतो आणि विमानाला वाऱ्याच्या तोंडावर उडायचं असतं, त्यामुळे पूर्वेला नागपूरला जाणारं विमानही आधी जुहूच्या समुद्रावर जातं आणि मग वळतं. उतरणारं विमान पूर्वेकडून येतं. कोपरखैरण्यात किंवा वाशीत संध्याकाळी गच्चीवर उभे राहा, दिवे लावलेली, चाकं खाली काढलेली विमानं एकामागोमाग एक खाडीकडे जाताना दिसतील. ही रांग खूप मागूनच लावलेली असते. दिल्लीहून लवकर निघालेलं विमानही तिच्यात आपला नंबर येईपर्यंत रेंगाळतं. कंपन्यांना हे माहीत असतं, म्हणून त्या वेळेत आधीच थोडी ढिलाई ठेवतात. मग वीस मिनिटं उशिरा निघालेलं विमान 'वेळेवर' उतरतं आणि सगळे खूश.

काकूंचा पुढचा प्रश्न नेहमीचा: मध्ये थांबा घेतला तर अंतर किती वाढतं? जवळपास काहीच नाही. फ्रँकफर्ट किंवा लंडन त्या ताणलेल्या दोऱ्यापासून फार लांब नाहीत. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० आणि लंडन-न्यूयॉर्क ५,५४०, बेरीज १२,७४०. थेट अंतराहून दोनशेच किलोमीटर जास्त. दुबईवरून जरी गेलात तरी १,९३० आणि ११,०००, म्हणजे १२,९३०. आखाती कंपन्यांचं बस्तान आपल्या प्रवाशांवर बसलंय त्यामागे हा भूगोल आहे. वाढतात ते तास, आणि ते थांब्याचे. सिंगापूरवरून स्वस्त तिकीट दिसलं तर मात्र सावध: ३,९०० किलोमीटर उलट दिशेला जाऊन पुढे जगातलं सर्वांत लांबचं नॉनस्टॉप उड्डाण, १५,३०० किलोमीटरहून जास्त. ज्येष्ठांना मी तरी ते देत नाही. गुडघे दुखत असतील तर थेट सोळा तासांपेक्षा मध्ये दोन-तीन तास पाय मोकळे करणं बरं, असं माझं मत. फक्त थांब्यावर व्हीलचेअर आधीच मागून ठेवायची.

ठाणे-नवी मुंबईकरांसाठी आता एक नवा गुंता आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून देशांतर्गत उड्डाणं सुरू झाली. तिकिटावरचा त्याचा तीन अक्षरी कोड एनएमआय (NMI), जुन्या मुंबई विमानतळाचा अजून बीओएमच (BOM). दोन्ही विमानतळ सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवर आहेत. न्यूयॉर्कच्या हिशोबात हे अंतर धरायचंही कारण नाही, पण नागपूरहून किंवा कोचीहून येऊन पुढे परदेशी जाणाऱ्याच्या हिशोबात ते सगळ्यात महागाचे पंचवीस किलोमीटर आहेत. बुकिंग साइटवर दोन्ही 'मुंबई' म्हणून एकाखाली एक दिसतात. स्वस्त म्हणून आतलं तिकीट एनएमआयचं आणि परदेशाचं बीओएमचं घेतलं, तर सामान स्वतः पट्ट्यावरून उचलायचं, टॅक्सी करायची, खाडी ओलांडायची आणि पुन्हा रांगेत लागायचं. तिकिटं वेगवेगळी असतील तर पहिलं विमान उशिरा आल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. अशा वेळी दोन विमानांत मी सहा तास तरी ठेवायला सांगतो, पावसाळ्यात आठ. आणि घरून निघताना चालकाला 'एअरपोर्ट' एवढंच सांगू नका, कोड बघून उलवे की अंधेरी ते सांगा.